उभा ताळा, आडवा ताळा : ऑप्टिकल फायबरमधली चूक-दुरुस्ती आणि तिच्या विजेचा हिशेब

जमाखर्च हाताने लिहिला जायचा त्या काळात आकड्यांचा तक्ता दुसऱ्या कचेरीत पाठवताना सोबत दोन बेरजा जात : प्रत्येक ओळीची आडवी आणि प्रत्येक रकान्याची उभी. तिकडचा कारकून त्या बेरजा पुन्हा करून ताळा पाही. नकलताना एखादा आकडा चुकला असेल तर एका ओळीचा आणि एका रकान्याचा ताळा जुळत नसे. ती ओळ आणि तो रकाना जिथे छेदतात त्याच घरात चूक आहे, हे त्याला मूळ वही न मागवता कळे.

लांब पल्ल्याच्या ऑप्टिकल फायबरच्या टोकाला बसलेली चिप आज याच तत्त्वावर काम करते. फरक वेगाचा आहे. तिच्यासमोर सेकंदाला ४०० अब्ज किंवा ८०० अब्ज आकडे येतात आणि त्यांचा ताळा तिला नखाएवढ्या जागेत, मोजक्या विजेत जुळवावा लागतो. या चूक-दुरुस्तीचे गणित गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत फार पुढे गेले. ते गणित सिलिकॉनमध्ये उतरवणाऱ्या डिकोडरचा प्रश्न मात्र अजून चालू आहे. तो काय आहे, त्यावर कोणते मार्ग निघाले आणि त्यांतला कोणता टिकाऊ दिसतो, याचा हा आढावा.

चुका किती, सवड किती

फायबरमधला प्रकाश अंतराबरोबर क्षीण होत जातो. लांब मार्गावर साधारण ८० किलोमीटरांवर प्रवर्धक बसवून तो पुन्हा प्रखर करतात. पण प्रत्येक प्रवर्धक सिग्नलमध्ये स्वतःचा गोंगाटही मिसळतो. शिवाय जास्त माहिती पाठवण्यासाठी प्रकाशाच्या एकेका स्पंदाला अनेक पातळ्या द्याव्या लागतात. पातळ्या जितक्या जवळ, तितकी एकीला दुसरी समजण्याची शक्यता मोठी.

डेटा सेंटरे एकमेकांना जोडण्यासाठी ऑप्टिकल इंटरनेटवर्किंग फोरमने २०२० मध्ये ४००झेडआर हे मानक प्रसिद्ध केले. त्यात धरलेली मर्यादा अशी : येणाऱ्या दर ८० बिटांत एक बिट चुकीचा असला तरी डिकोडरने काम निभावले पाहिजे. म्हणजे सेकंदाला ५०० कोटींहून अधिक चुका आत येणार. बाहेर पडताना अपेक्षा असते ती दहा लाख अब्ज बिटांत एक चूक, म्हणजे ४०० अब्जांच्या वेगाला सुमारे ४२ मिनिटांत एक. या दोन आकड्यांमधले अंतर डिकोडरला तोडायचे असते.

त्यासाठी वेळ किती? अशा चिपच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला ५० कोटी धरले तर दर ठोक्याला ८०० नवे बिट दारात उभे असतात. मागचे काम संपेपर्यंत थांबा म्हणण्याची सोय नाही, कारण प्रकाश थांबत नाही. साहजिकच शेकडो छोटे डिकोडर एकाच वेळी चालवावे लागतात.

आणि वीज? हातात मावणाऱ्या ४००झेडआर मॉड्यूलचा सगळा विजेचा वाटा १५ वॅटच्या आसपास असतो. लेझर, मॉड्युलेटर, सिग्नलवर प्रक्रिया करणारे गणित आणि चूक-दुरुस्ती, सगळे त्यातच भागवायचे. बिटामागे हा हिशेब ३७.५ पिकोज्यूल भरतो. डिकोडरने बिटामागे एक पिकोज्यूल जास्त घेतला तर ४०० अब्जांच्या वेगाला ०.४ वॅट आणि ८०० अब्जांच्या वेगाला ०.८ वॅट जास्त लागतात. एका मॉड्यूलला हे थोडे वाटेल. पण डेटा सेंटरच्या एका कपाटात अशी डझनावारी मॉड्यूले शेजारी शेजारी तापत असतात.

पाया घालणारी वर्षे

१९४८ मध्ये बेल लॅब्जच्या क्लॉड शॅनन यांनी सिद्ध केले की गोंगाटाच्या कोणत्याही मार्गाला एक ठरावीक क्षमता असते आणि तिच्या आत राहून पाठवलेला संदेश हवा तितका शुद्ध पोचवता येतो. तो कसा पोचवायचा हे त्यांनी सांगितले नव्हते. ते शोधणे हेच पुढच्या पिढ्यांचे काम ठरले. १९५० मध्ये त्याच संस्थेतल्या रिचर्ड हॅमिंग यांनी एक चूक शोधून दुरुस्त करणारा साधा, देखणा कोड मांडला. १९५४ मध्ये पीटर इलायस यांनी उभ्या-आडव्या ताळ्याची कल्पना गणितात आणली. तिला आज प्रॉडक्ट कोड म्हणतात.

१९५९-६० मध्ये एकाहून अधिक चुका सुधारणारे बीसीएच कोड आले. यातले बी आणि सी भारतीय नावांतून आले आहेत : राजचंद्र बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार रायचौधुरी. एच हे फ्रान्सच्या ओकांगेम यांचे अक्षर. त्यांनी हाच शोध स्वतंत्रपणे, थोडा आधी लावला होता. बोस यांचेच दुसरे विद्यार्थी शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. नागपुरात शिकलेल्या श्रीखंडे यांनी बोस आणि पार्कर यांच्यासह १९५९ मध्ये लॅटिन चौरसांविषयीचा ऑयलरचा पावणेदोनशे वर्षांचा तर्क खोटा ठरवला. पुढे १९६३ पासून त्यांनी मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग उभा केला. ओळी आणि रकान्यांच्या शुद्ध गणितात रमलेल्या या मंडळींच्या शोधांतला एक आज प्रत्येक मोठ्या ऑप्टिकल मार्गाच्या टोकाशी राबतो आहे. मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे हे नाते आहे.

१९६० मध्येच आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांचा कोड आला. त्याचा डिकोडर परवडणारा झाला तो १९६०च्या दशकाच्या अखेरीस, एल्विन बर्लेकँप आणि जेम्स मॅसी यांच्या पद्धतीमुळे. ऑप्टिकल जगात त्याला पहिले मानाचे स्थान मिळाले ते समुद्राखालच्या केबलींत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.९७५ ही शिफारस मुळात समुद्री मार्गांसाठीच लिहिली गेली. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात तशा हजारो किलोमीटरांच्या केबलींत प्रत्येक डेसिबलला मोल असते. या कोडमध्ये २३९ बाइट माहितीमागे १६ बाइट तपासणीचे जोडतात आणि २५५ पैकी कोणतेही ८ बाइट बिघडले तरी दुरुस्त होतात. निव्वळ लाभ सुमारे ६ डेसिबल, म्हणजे पूर्वीच्या चौथाई ताकदीच्या सिग्नलवर तेवढीच शुद्धता. घरापर्यंत फायबर नेणाऱ्या जीपॉन मानकातही याच कोडची सोय आहे.

हो-नाहीपासून कदाचितपर्यंत

रीड-सॉलोमनच्या डिकोडरला प्रत्येक बिट शून्य किंवा एक असा ठरवूनच मिळत असे. याला हार्ड डिसिजन म्हणतात. बिट स्पष्ट होता की काठावरचा होता, ही माहिती निर्णयाच्या क्षणी फेकून दिली जाते. ती जपली, म्हणजे सॉफ्ट डिसिजन वापरला, तर तेवढ्याच तपासणी बिटांत साधारण १ ते २ डेसिबल अधिक लाभ मिळू शकतो. जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकमधील ताकाशी मिझुओची आणि सहकाऱ्यांनी २००३-०४ च्या सुमारास तीन बिटांच्या सॉफ्ट डिसिजनवर १०.१ डेसिबलचा लाभ १० गिगाबिटच्या वेगाला दाखवला. तिथून चूक-दुरुस्तीची नवी पिढी सुरू झाली, असे या क्षेत्रात मानतात.

२००८ च्या सुमारास कोहेरंट पद्धतीचे रिसीव्हर बाजारात आले आणि वाट सोपी झाली. त्यांत प्रकाशाची लहर मोजून तिचे आकडे करणारे परिवर्तक आधीच असतात, त्यामुळे कदाचितची माहिती वेगळी मिळवावी लागत नाही. आता प्रश्न उरला तो या माहितीवर चालणारा डिकोडर कसा बांधायचा हा.

सगळ्यांची नजर गेली रॉबर्ट गॅलेगर यांच्या एलडीपीसी कोडकडे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत जन्मलेला हा कोड त्या वेळच्या यंत्रांना पेलण्यासारखा नव्हता. तो तीसेक वर्षे बाजूला पडला. १९९३ मध्ये फ्रान्समध्ये क्लोद बेरू आणि सहकाऱ्यांनी टर्बो कोड मांडले तेव्हा पुनःपुन्हा फेऱ्या मारून उत्तराजवळ जाण्याची किंमत सर्वांना कळली आणि गॅलेगरचा कोड पुन्हा शोधला गेला. त्यात बिट आणि तपासण्या एकमेकांना सतत निरोप धाडतात : मला वाटते हा बिट एक आहे, खात्री इतकी. काही फेऱ्यांत सगळ्यांचे एकमत होते. शॅननच्या मर्यादेच्या अगदी जवळ नेणारी ही पद्धत आहे.

पण निरोप नेणार कोण? चिपवर ते तारांनी जातात. २००२ मध्ये ब्लँक्सबी आणि हाउलंड यांनी १,०२४ बिटांचा एलडीपीसी डिकोडर सिलिकॉनवर पूर्ण समांतर बांधून दाखवला. सेकंदाला १ गिगाबिटचा वेग आणि ६९० मिलिवॅट वीज. त्यातला सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे : चिपच्या क्षेत्रफळातली जवळजवळ अर्धी जागा लॉजिकला वापरताच आली नाही, कारण तारांच्या जाळ्याला वाट करून द्यावी लागली. कोड जितका गणिताने उत्तम, तितकी त्याची जोडणी विस्कळीत. आणि जोडणी विस्कळीत की तारा लांब.

नंतरच्या संशोधनाने हे ओझे हलके केले. गुंतागुंतीच्या फलनाऐवजी फक्त सर्वांत लहान संख्या निवडणारी मिन-सम पद्धत आली. तपासण्या थरांत विभागून एका थराचे उत्तर लगेच पुढच्याला देणारी रचना आली, तिने फेऱ्या जवळपास निम्म्यावर आणल्या. ठरावीक ठोकळे फिरवून बनवलेले नियमित कोड आले आणि तारा शिस्तीत आल्या. तरीही मूळचा खर्च राहतोच.

वीज जाते कुठे

एक ढोबळ हिशेब करू. एलडीपीसी कोडमध्ये प्रत्येक बिट तीन तपासण्यांना जोडलेला आहे, निरोप चार बिटांचा आहे आणि तो जाऊन-येऊन दोनदा प्रवास करतो, असे धरा. एका फेरीत बिटामागे २४ बिटांची ने-आण झाली. दहा फेऱ्यांत २४०. बिट मुळात बरोबर असो वा चूक, ही ये-जा होणारच. एका जागेहून दुसऱ्या जागी बिट नेण्यात तारेची धारिता भरावी आणि रिकामी करावी लागते. वीज तिथेच जाते. बेरीज-वजाबाकी त्यामानाने स्वस्त पडते.

आता उभ्या-आडव्या ताळ्याकडे परत येऊ. २०१२ मध्ये बेंजामिन स्मिथ, फ्रँक क्शिशांग आणि सहकाऱ्यांनी स्टेअरकेस कोड मांडला. त्यात आकड्यांचे चौकोन पायऱ्यांसारखे एकमेकांत अडकवलेले असतात : एका चौकोनाच्या ओळी पुढच्या चौकोनाच्या रकान्यांशी जोडून त्यांचा एकत्र ताळा. प्रत्येक जोडओळ १,०२२ बिटांची, त्यांत ३२ बिट तपासणीचे आणि बळ तीन चुका सुधारण्याचे. रीड-सॉलोमनच्या जुन्या कोडइतकेच तपासणी बिट वापरून यातून ९.४१ डेसिबलचा लाभ मिळाला. हार्ड डिसिजनला शॅननने आखलेल्या मर्यादेपासून हे अंतर अवघे ०.५६ डेसिबल होते.

त्या लेखातला हार्डवेअरविषयीचा युक्तिवाद मला लाभाच्या आकड्यापेक्षाही मोलाचा वाटतो. ओळ सुधारायला हजार बिट पुनःपुन्हा वाचावे लागत नाहीत. एकदा वाचून त्यांचा तीसेक बिटांचा सिंड्रोम, म्हणजे ताळ्यातला फरक, काढून ठेवायचा. फरक शून्य असेल तर त्या ओळीत काही करायचे नाही. चूक सापडली तर तेवढा बिट उलटवायचा आणि ज्या रकान्यात तो बिट आहे त्याच्या फरकात बदल करायचा. हा कोड दर सव्वादोनशे बिटांत सुमारे एक चूक असेपर्यंत पेलतो. म्हणजे ने-आण त्या एका बिटापुरती. बाकीचे जागच्या जागी राहतात.

लहान गोष्टींतही असाच फायदा होतो. तीनच चुका सुधारायच्या असल्या तर बर्लेकँप-मॅसीची पायरी पायरीने चालणारी पद्धत लागत नाही. वेस्ली पीटरसन यांनी १९६० मध्ये दाखवलेल्या थेट समीकरणांनी उत्तर निघते आणि ते काही ठोक्यांत मिळते. प्रत्येक फेरीनंतर चुका झपाट्याने कमी होतात, त्यामुळे ज्या ओळी स्वच्छ झाल्या त्यांचे घड्याळच बंद ठेवता येते. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठात क्रिस्टोफर फाउगस्टेट आणि पेर लार्सन-एडेफोर्स यांनी याच दिशेने काम करून २०१९ मध्ये दाखवले की २८ नॅनोमीटरच्या तंत्रात असे डिकोडर सेकंदाला १ टेराबिटच्या पुढे जाऊ शकतात आणि वीज बिटामागे एक-दोन पिकोज्यूलच्या घरात राहते. २००२ च्या चिपचा हिशेब बिटामागे ६९० पिकोज्यूल होता. दोन्हींचे तंत्र आणि कोड वेगळे आहेत, म्हणून ही तुलना सरळ नाही. तरी प्रवासाची दिशा तिच्यातून दिसते.

मधला मार्ग

हार्ड डिसिजन काटकसरी, सॉफ्ट डिसिजन ताकदवान. गेल्या दशकातले चांगले काम या दोघांची सांगड घालण्यात झाले आहे.

४००झेडआरने निवडलेला मार्ग असा : आतल्या बाजूला १२८ बिटांचा छोटा हॅमिंग कोड सॉफ्ट डिसिजनने सोडवायचा आणि बाहेरच्या बाजूला स्टेअरकेस कोडने उरलेल्या चुका पुसायच्या. आतला कोड इतका लहान की कदाचितची महागडी माहिती थोड्याच जागेत, एकदाच वापरली जाते. निव्वळ लाभ १०.८ डेसिबल. हॅमिंगच्या १९५० च्या कल्पनेला इथे पुन्हा कामाला लावलेले पाहून समाधान वाटते.

त्याहून लांब जायचे तर ओएफईसी हा खुला कोड आहे. ओपन रोडम आणि ओपनझेडआर प्लस या गटांनी तो स्वीकारला. यात २५६ बिटांच्या बीसीएच ओळी पायऱ्यांच्या रचनेत गुंफून तीन फेऱ्या सॉफ्ट डिसिजनच्या होतात आणि ४००झेडआरइतक्याच पातळ्यांच्या सिग्नलला लाभ ११.६ डेसिबलवर जातो. सॉफ्ट फेरीची पद्धत डेव्हिड चेस यांच्या १९७२ च्या विचारावर आणि रमेश पिंडिया यांनी १९९०च्या दशकात केलेल्या विस्तारावर उभी आहे : सर्वांत डळमळीत दिसणारे काही बिट निवडा, ते उलटसुलट करून अनेक उमेदवार तयार करा, त्यांतला सर्वांत जुळणारा घ्या. वरच्या ०.८ डेसिबलची किंमत जास्त विजेत आणि जास्त विलंबात मोजावी लागते. जिथे अंतर शेकडो किलोमीटरांचे आहे तिथे ती किंमत रास्त आहे.

तिसरी वाट मला सर्वांत आशादायक वाटते. हार्ड डिसिजनच्या डिकोडरचा जुना दोष असा की ओळीत सुधारता येण्यापेक्षा जास्त चुका असल्या तर तो कधी कधी बरोबर बिट बिघडवून ठेवतो. हा दोष टाळण्यासाठी क्रिस्टियन हेगर आणि हेन्री फिस्टर यांनी २०१८ मध्ये विश्वासार्ह ओळींना आधार मानून इतरांचे निर्णय तपासण्याची पद्धत सुचवली. आइंडहोवन आणि चाल्मर्स इथल्या गटांनी प्रत्येक बिटामागे एखादीच खूण ठेवून, हा खात्रीचा की डळमळीत एवढेच टिपून, सॉफ्ट डिसिजनचा बराच लाभ पदरात पाडला. विजेचा खर्च हार्ड डिसिजनच्या जवळ राहतो.

न दिसणाऱ्या चुका

दहा लाख अब्ज बिटांत एक चूक, हे वचन तपासायचे कसे? भरवसा वाटावा इतक्या, समजा शंभर, चुका पाहण्यासाठी दहा लाख अब्जांच्या शंभरपट बिट चालवावे लागतात. संगणकावर सेकंदाला एक कोटी बिटांचे अनुकरण होत असेल तर त्याला तीनशेहून अधिक वर्षे लागतील. म्हणून संशोधक डिकोडर एफपीजीएवर, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर, उतरवून तपासतात. १० गिगाबिटच्या वेगाला तेच काम सुमारे ११६ दिवसांत होते आणि अनेक चिप जोडल्या तर काही दिवसांत.

ही तपासणी टाळता येत नाही. एलडीपीसी डिकोडर एका टप्प्यानंतर काही थोड्या बिटांच्या गुंत्यात अडकतात आणि चुकांचे प्रमाण खाली जायचे थांबते. टॉम रिचर्डसन यांनी २००३ मध्ये या गुंत्यांचे सविस्तर विश्लेषण केले. मोबाइलला अशी अडचण सहन होते, कारण तो बिघडलेला भाग पुन्हा मागवून घेऊ शकतो. फायबरच्या मुख्य मार्गाला ती सोय नसते. प्रॉडक्ट कोडच्या जातीत अडकण्याचे नमुने आधीच गणिताने मोजता येतात. हार्डवेअर बांधणाऱ्याला ही निश्चिंती फार मोलाची असते.

जवळचे अंतर

डेटा सेंटरच्या आतल्या मार्गांत अंतर काही मीटरांपासून काही किलोमीटरांपर्यंतच असते. तिथे विलंब खुपतो, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणात हजारो प्रोसेसर एकमेकांच्या उत्तरासाठी थांबलेले असतात. तिथे अजून रीड-सॉलोमनचेच राज्य आहे : दहा बिटांची ५४४ चिन्हे, त्यांतली १५ सुधारता येतात. एका मार्गिकेवर २०० गिगाबिटचा वेग आणताना एवढे पुरेना, म्हणून इथरनेटच्या नव्या मानकात त्याच्या आत पुन्हा १२८ बिटांचा हॅमिंग कोड घेतला आहे. घरापर्यंतच्या ५० गिगाबिट जोडणीसाठी मात्र एलडीपीसी निवडला गेला. प्रत्येक ठिकाणी अंतर, विलंब आणि वीज यांचे वजन वेगळे, म्हणून निवडही वेगळी.

निष्कर्ष

या सगळ्यातून मी काढलेला निष्कर्ष असा. शॅननची मर्यादा आता हाताच्या अंतरावर आहे. तिच्या दिशेने मिळवायचा शेवटचा अर्धा डेसिबल अनेकदा विजेच्या दुपटीने विकत घ्यावा लागतो. म्हणून डिकोडरची किंमत फक्त लाभाच्या डेसिबलमध्ये सांगणे अपुरे आहे. प्रत्येक लेखाने, प्रत्येक मानकाने बिटामागचे पिकोज्यूल त्याच ओळीत सांगितले पाहिजेत. सोबत कोणत्या नॅनोमीटरच्या तंत्रात, किती चुका आत येत असताना आणि तारांची प्रत्यक्ष मांडणी धरून की न धरता, हेही. आज हे आकडे इतक्या वेगवेगळ्या रीतीने मोजले जातात की दोन डिकोडर शेजारी ठेवून प्रामाणिक तुलना करणे कठीण जाते.

आणि बांधणीपुरते म्हणायचे तर, भरवशाच्या बिटाला जागेवरून न हलवणारा डिकोडर जिंकेल. उभ्या-आडव्या ताळ्याचे कोड, त्यांना डळमळीत बिटांची जुजबी खूण आणि स्वच्छ ओळींना विश्रांती, हे सूत्र पुढच्या दशकात टिकेल असे मला ठामपणे वाटते.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना एक विनंती. या विषयात उतरायला कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही. बीसीएचचे गणित पुस्तकात आहे आणि सरावाचा एफपीजीए बोर्ड अनेक महाविद्यालयांत आहे. तीन चुका सुधारणारा एक डिकोडर बांधा, त्याला चुका द्या, आणि दर ठोक्याला किती तारा हलतात ते मोजा. मग त्यांतल्या किती हलल्या नसत्या तरी चालले असते, ते शोधा. या क्षेत्रातले पुढचे काम त्याच प्रश्नातून निघणार आहे.